चुली किती?

कार्ड आलं तेव्हा फॉर्मबाईंना आधी वाटलं, बाकीची पाकिटाच्या तळाशी चिकटून बसली असतील. त्यांनी पाकीट उलटं करून झटकलं, तोंड फाकवून आत पाहिलं, शेवटी फाडूनच टाकलं. आत काही नव्हतं. शाळेत आसऱ्याला आलेल्या एकेचाळीस कुटुंबांसाठी मदत कक्षाने मोजून एक कार्ड पाठवलं होतं. 'कुटुंबातील व्यक्ती' या शब्दांपुढे १७३ असा आकडा होता, आणि कुटुंबप्रमुख म्हणून आचारीमामांचं नाव.

शाळेत हसण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, त्यामुळे लोकांनी या कार्डाची पुरेपूर मजा करून घेतली. दुपारी भाताच्या रांगेत जो तो मामांपुढे मान वाकवून विचारू लागला, "बाबा, जरा फाटकापर्यंत जाऊन येऊ का?" वयाने मामांपेक्षा वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या एका आजीबाईंनी तर त्यांना 'अहो' म्हणायला सुरुवात केली. मामांनी भांड्यावर डाव आपटला.

"एकशे त्र्याहत्तर माणसांचा संसार," ते म्हणाले, "आणि भांडी घासायला एक जण पुढे येत नाही."

फॉर्मबाईंना मात्र हसू येत नव्हतं. एका कार्डावर पाण्याचा एक पिंप, दोन घोंगड्या, एक कंदील आणि घरातल्या एका दीर्घ आजारी माणसाचं औषध मिळायचं. तो एक माणूसही कक्षाने आपल्या मनानेच निवडला होता. यादीत पहिलं नाव मामांचं, आणि मामांच्या नावापुढे फॉर्मबाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'गुडघेदुखी.' त्यामुळे युद्धात होरपळलेल्या एकशे त्र्याहत्तर माणसांसाठी औषध म्हणून आली होती मलमाची एक नळी.

मलम पाहिल्यावर त्यांना टपालकाका आठवले.

टपालकाका चौथीच्या वर्गात फळ्याखाली राहायचे. नदीपलीकडे तोफा सुरू झाल्या तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना हातगाडीवर घालून पूल ओलांडला होता. बायको कधीच गेलेली, मुलगी पुलापलीकडे, तिचा फोन लागत नव्हता. चाळीस वर्षं घरोघर पत्रं पोचवणारे त्यांचे पाय आता साखरेच्या दुखण्याने पार निकामी झाले होते. उजव्या पायाला पट्टी आणि हाताला थरथर. रोज जेवणाआधी इन्सुलिनची सुई घ्यायची, तीही ते चाचपडत स्वतःच घ्यायचे. औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवलेली होती. तिच्यात आठ दिवसांचं औषध उरलं होतं. गावातली औषधाची दुकानं बंद, आणि इस्पितळाच्या खिडकीवर फॉर्मबाई दोनदा जाऊन आल्या होत्या. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, कार्डावर नाव आणा.

"नाही आलं ना?" त्यांचा चेहरा पाहून काका म्हणाले. "पत्ता अपुरा असेल, बाई. अशी टपालं परत जातात. वाईट वाटून नाही घ्यायचं."

"येईल," फॉर्मबाई म्हणाल्या. "आणतेच मी."

असं म्हणणं सोपं असतं. खरं सांगायचं तर हा घोळ त्यांनीच घातला होता, आणि तोही खरं लिहून.

फॉर्मबाईंना हे नाव उगाच पडलं नव्हतं. मदत कक्षातल्या सतरा वर्षांच्या नोकरीत त्यांच्या एकाही फॉर्मवर खाडाखोड नव्हती. 'जे आहे ते लिहा, नाही ते लिहू नका' हे त्या नव्या माणसांना इतक्यांदा सांगत, की लोक त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करत. तर त्या फॉर्मवर एक रकाना होता, 'चुली किती?' लढाईच्या दिवसांत एका छपराखाली तीन-तीन घरं दाटीवाटीने राहतात, म्हणून कक्षाने फार पूर्वी ठरवलं होतं की छप्पर मोजायचं नाही, चूल मोजायची. जितक्या चुली तितकी कुटुंबं. नियम काही वाईट नव्हता. भाऊ वेगळे झाले म्हणजे चूल वेगळी होते, हे कोणालाही कळतं.

पण महिन्याभरापूर्वी दुसऱ्या एका शाळेत चुलीची ठिणगी उडून दोन वर्ग जळाले. लगेच कक्षाचा हुकूम आला, आसऱ्याच्या जागी कोणी वेगळी चूल पेटवायची नाही, सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र. फॉर्मबाईंनी स्वतः वर्गावर्गात फिरून चुली विझवल्या, विटा बाहेर टाकल्या आणि पटांगणाच्या कोपऱ्यात पत्र्याखाली एक मोठी चूल मांडली. तिच्यावर आचारीमामांना बसवलं. मामांची पुलापलीकडे खानावळ होती. लोक पळताना कपडे, कागदपत्रं, दागिने घेतात. मामा खानावळीतलं सर्वांत मोठं पातेलं डोक्यावर उपडं घालून पूल ओलांडून आले होते. वरून काही पडलं तर डोकं वाचेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग फॉर्म भरताना फॉर्मबाईंनी पटांगणात पाहिलं. चूल एक होती. त्यांनी सुंदर अक्षरात 'एक' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या आपल्याच कार्यालयाच्या रांगेत दोन तास उभ्या राहिल्या. आत साहेबांच्या टेबलावर कागदांचे ढिगारे होते आणि टेबलाखाली, बुटांच्या बाहेर, साहेबांचे सुजलेले पाय. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर फॉर्मबाईंना निदान मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या.

"मॅडम, हे अक्षर तुमचंच ना?" साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला.

"माझंच."

"चुली किती? एक. मग एक कार्ड आलं. चुकलं काय त्यात?"

"साहेब, चूल एक आहे कारण तुमच्या हुकमाने बाकीच्या मी विझवल्या. माणसं एकेचाळीस घरांची आहेत."

"ते मला कळतंय. यंत्राला कळत नाही. त्यात रकाना आहे चुलीचा."

"मग शेऱ्यात लिहा. मी सही करते."

"शेऱ्याचा रकाना मागच्या वर्षी काढला. लोक त्यात काहीबाही लिहायचे."

फॉर्मबाईंचा पारा चढला. सतरा वर्षं ज्यांनी कोणापुढे आवाज चढवला नाही, त्यांनी टेबलावर हात आपटला. वरचे दोन कागद खाली पडले आणि त्यांनीच ते वाकून उचलून जागेवर ठेवले. रागावण्याचीसुद्धा सवय असावी लागते.

"एक माणूस मरेल हो," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांचं औषध आहे त्यांच्याकडे. आठ पण नाही आता, सात."

साहेबांनी पाय बुटांत कोंबायचा प्रयत्न केला आणि नाद सोडून दिला.

"गुरुवारी पडताळणी आहे तुमच्या शाळेत," ते म्हणाले. "बाई येतील, मोजतील. जे दिसेल ते लिहिलं जाईल. चुली वर्गात नसल्या, उघड्यावर असल्या, तर आगीचा हुकूम आड येत नाही. मी एवढंच सांगतोय."

"पण चुली नाहीतच ना उघड्यावर."

"मॅडम," साहेब म्हणाले, "तुम्ही फार सरळ आहात. आता जा, मागे रांग आहे."

घरी येईपर्यंत त्या स्वतःशीच चरफडत होत्या. दारातच सासूबाई बसल्या होत्या. अंगणाच्या त्या बाजूला थोरल्या जाऊबाईंचं दार होतं, आणि नेहमीप्रमाणे ते बंद होतं. फॉर्मबाईंनी चप्पल काढता काढता सगळं रामायण सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "अगं, थोरलीने वेगळी चूल मांडली तेव्हा काय लागलं होतं तिला? तीन विटा आणि एक भांडण. सकाळी एक घर होतं, दुपारी दोन झाली. कुठल्या साहेबाला विचारायला गेली होती ती?"

फॉर्मबाई एक चप्पल हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. साहेब काय सांगत होते, ते त्यांच्या डोक्यात आत्ता शिरलं.

विटांना तोटा नव्हता. शाळेची मागची भिंत पहिल्याच आठवड्यात पडली होती. बुधवारी सकाळपासून लोक विटा उचलून पटांगणात आणू लागले. एका घराला तीन विटा आणि दोन हात जागा. तासाभरात भांडणंही सुरू झाली. कोणाला सावलीतली चूल हवी, कोणाला फाटकाजवळची. तिसरीच्या वर्गातल्या एका सुनेने येऊन सांगितलं, की मांडतोच आहोत तर माझी आणि सासूबाईंची वेगळी मांडा. पाठोपाठ सासूही तेच सांगायला आली. महिन्याभरात त्या दोघींचं एकमत झालेलं हे पहिलंच.

"नाही," फॉर्मबाई म्हणाल्या. "एकेचाळीस म्हणजे एकेचाळीस, मामांची मोठी धरून. खोटं आहे म्हणून काय वाटेल तेवढं लिहायचं?"

सगळ्यांत जास्त राग आला तो आचारीमामांना. ते पत्र्याखाली पाठ फिरवून बसले.

"माझ्या हयातीत घर फुटलं," ते म्हणाले. "चालू द्या. मी काही बोलणार नाही."

"मामा, नाटक आहे हे. एक दिवसाचं."

"सगळी वेगळी होतात ती असंच म्हणतात, बाई. चार दिवसांसाठी."

पण खरी अडचण वेगळीच होती. विटा कोऱ्या दिसत होत्या. कोणीही पाहिलं असतं तरी कळलं असतं, की या चुलींवर कधी पाणीसुद्धा तापलेलं नाही. लाकूड मोठ्या चुलीलाच जेमतेम पुरत होतं. फॉर्मबाई एका चुलीपाशी उकिडव्या बसून विटेवर काजळी घासून पाहत होत्या, तेवढ्यात मामा उठले. त्यांनी मोठ्या चुलीतली राख एका घमेल्यात भरली, भात वाढायचा मोठा डाव घेतला, आणि गुडघा धरत, लंगडत, एका टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक चुलीत एक डाव राख. वाढताना हात इतका सवयीचा, की कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही.

गुरुवारी पडताळणीच्या बाई आल्या. तरुण होत्या, हातात यंत्र होतं, आणि चेहऱ्यावरून त्या दिवसाची ही त्यांची पाचवी शाळा असावी. एकेका चुलीपुढे थांबून त्या बोट लावून राख गरम आहे का पाहत होत्या. राख गरम होती. मामांनी सकाळी परत एक फेरी मारली होती. फॉर्मबाई मागून चालत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलीसारखे त्यांचे तळहात ओले झाले होते. शेवटून दुसरी चूल टपालकाकांची. काकांना उचलून तिच्याशेजारी बाकड्यावर बसवलं होतं.

"इथे स्वयंपाक कोण करतं?" बाईंनी विचारलं.

"मीच," काका म्हणाले. "एकटा माणूस, अजून कोण करणार?"

"आज काय केलं?"

"भात. जरा लागला खाली."

बाईंनी त्यांच्या पायाच्या पट्टीकडे पाहिलं, थरथरणाऱ्या हातांकडे पाहिलं, चुलीवर भांडं नव्हतं तिथेही पाहिलं. मग यंत्रावर बोट दाबलं आणि पुढे गेल्या.

शनिवारी एकेचाळीस कार्डं आली. सोमवारी फॉर्मबाई काकांचं कार्ड घेऊन इस्पितळाच्या खिडकीवर गेल्या, आणि ज्या माणसाने त्यांना दोनदा हाकललं होतं त्यानेच कार्ड पाहून दोन बाटल्या काढून दिल्या. मडक्यात फडकं ओलं करून त्या ठेवताना फॉर्मबाईंना रडूच आलं. काका त्यांना म्हणाले, "पोचपावती द्यायची का कुठे?"

हा आनंद एक दिवस टिकला. मंगळवारी संध्याकाळी कक्षाचं पत्र आलं. या शाळेत एकेचाळीस चुली चालू असल्याचं पडताळणीत आढळून आलं आहे, सबब येथील एकत्र स्वयंपाक उद्यापासून बंद करण्यात येत आहे. तांदूळ यापुढे कार्डावर, कोरडा मिळेल. खाली साहेबांची सही होती, आणि सहीखाली पेनाने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मला हे लक्षात आलं नाही.'

फॉर्मबाईंनी पत्र तीनदा वाचलं. खरं लिहिलं तेव्हा औषध गेलं, खोटं दाखवलं तेव्हा भात गेला. आता तिसरं काय करायचं, हे सांगणारा फॉर्म अजून छापायचा होता. त्यांना कोणाला तरी गदागदा हलवावंसं वाटत होतं, आणि हलवायला समोर कोणी नव्हतं.

बुधवारी तांदळाच्या पुड्या आणि लाकडाच्या मोळ्या वाटता वाटताच नाकी नऊ आले. मोळी कार्डागणिक एक, ती दोन वेळा पुरली तर पुरली. पटांगणभर धूर झाला. ज्यांच्या घरात धडधाकट माणसं होती त्यांचं काहीतरी शिजलं. एका बाळंतिणीने अर्धकच्चा भात उतरवला. 'अहो' म्हणणाऱ्या आजीबाई चूल फुंकून फुंकून खोकत बसल्या. मामा त्यांना मदत करायला गेले तर त्या म्हणाल्या, "तुमची आता वेगळी आहे ना?" आणि तोंड फिरवलं. मामांनी आपलं मोठं पातेलं घासून पत्र्याखाली उपडं घालून ठेवलं होतं.

यादीच्या गडबडीत फॉर्मबाई चौथीच्या वर्गात पोचल्या तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. टपालकाका फळ्याखाली भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर तांदळाची पुडी होती, बांधलेली, तशीच. पुडीवर सुई आणि बाटली नीट मांडून ठेवली होती.

"काका, सुई घेतली नाहीत?"

"पोटात काही जायचं असेल तर घ्यायची. नाहीतर घेरी येते. डॉक्टरांनी बजावलंय."

"मग सकाळपासून..."

"काल संध्याकाळपासून. मामांच्या हातचा शेवटचा भात." त्यांची जीभ कोरडी पडली होती, शब्द चिकटत होते. "औषध आलं, बाई. तांदूळ आला. टपाल सगळं पोचलं. फक्त दार उघडायला घरात कोणी नाही."

"कोणाला हाक मारायची होती. इतकी माणसं आहेत बाहेर."

"सगळ्यांच्या चुली वेगळ्या झाल्या ना," काका म्हणाले. "लोकांच्या दारात किती वेळ उभं राहायचं, हे मला चाळीस वर्षांत चांगलं कळलंय."

फॉर्मबाई उठल्या. त्या इतक्या चिडल्या होत्या, की जिना उतरताना यादी कधी हातातून पडली ते त्यांना कळलंही नाही. साहेबांवर, यंत्रावर, तोफा डागणाऱ्यांवर, सासूबाईंच्या तीन विटांवर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या सुंदर अक्षरावर त्या चिडल्या होत्या. पत्र्याखाली जाऊन त्यांनी दोन्ही हातांनी पातेलं धरलं आणि सरळ केलं. एकटीला ते जड होतं. त्याचा आवाज पटांगणभर घुमला आणि सगळे वळून पाहू लागले.

"मामा, चूल पेटवा," त्या म्हणाल्या.

"बंद आहे ना पण? पत्र आलंय."

"मी वाचलंय पत्र. पेटवा. आणि तांदूळ आणा रे सगळ्यांचे. लाकूडही आणा."

खोकणाऱ्या आजीबाई उठल्या, आपली पुडी घेऊन आल्या आणि पातेल्यात रिकामी करून म्हणाल्या, "अहो, मीठ नीट घाला. मागच्या वेळी कमी होतं."

भात व्हायला जेमतेम अर्धा तास लागला. पहिलं ताट चौथीच्या वर्गात गेलं. काकांनी सुई घेतली आणि जेवायला सुरुवात केली. ते इतक्या सावकाश जेवत होते, की पाहणाऱ्याचा जीव जावा. फॉर्मबाई त्यांच्यासमोर बसून राहिल्या. तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते.

"मॅडम, आठवड्याचा अहवाल पाठवायचाय. तुमचाच राहिलाय." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "चुली किती?"

फॉर्मबाईंनी खिडकीतून पाहिलं. पटांगणात चाळीस चुली थंड पडल्या होत्या. त्यांच्या मधून जाणारी रांग पत्र्याखालच्या एका जाळापाशी येऊन थांबत होती.

"एकेचाळीस," त्या म्हणाल्या.

"चालू?"

"चालू. मोजून सांगतेय."

साहेबांनी आकडा लिहून घेतला. "पडताळणी आता दर गुरुवारी आहे," ते म्हणाले. "कधीकधी न कळवता पण येतात." आणि त्यांनी फोन ठेवला.

आता त्या शाळेत रोज सकाळी आचारीमामा घमेलं आणि मोठा डाव घेऊन निघतात. गुडघ्याला मलम चोळलेलं असतं. लोक आपापल्या विटांपाशी येऊन उभे राहतात, कारण ज्याच्या चुलीत राख दिसणार नाही त्याचं कार्ड जाईल. मागे फॉर्मबाई यादीवर खुणा करत चालतात, एकही खाडाखोड नाही. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही, अशी आधी राख वाढली जाते, आणि मग भात.